कर्ता कोण, कर्म कोण?

महोदय,

रविवारच्या पुरवणीतील शब्दांच्या सदरात ‘बॉयकॉट’ या इंग्रजी क्रियापदाची कुळकथा सांगताना कॅप्टन बॉयकॉट यांना ‘बहिष्काराचे हत्यार प्रथम उपसणारा’ ठरवले आहे. सदरलेखकांच्या व्यासंगाबद्दल आदर बाळगूनही सांगणे भाग आहे, की ते हत्यार त्यांनी उपसले नव्हते, त्यांच्यावर उपसले गेले होते. आयर्लंडच्या मेयो परगण्यात लॉर्ड अर्न यांच्या जमिनींचा कारभार पाहणारे चार्ल्स बॉयकॉट, कुळांनी मागितलेली खंडाची सूट बाजूला सारून बेदखलीच्या नोटिसा बजावू लागले, तेव्हा १८८० साली लँड लीग या कुळांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेच्या पाठबळावर गावाने त्यांनाच वाळीत टाकले. गडी काम सोडून गेले, दुकानदार माल देईनात. अखेर पीक काढायला बाहेरून ५० मजूर आणि त्यांच्या रक्षणासाठी सैन्य आणावे लागले. सुमारे ५०० पौंडांच्या पिकापायी १०,००० पौंड खर्ची पडल्याचा अंदाज सांगतात. ‘ऑस्ट्रसाइज’ (वाळीत टाकणे) हा जड शब्द कुळांना उमगणार नाही, म्हणून तिथल्या फादर ओमॅली यांनी या कारभाऱ्याचे आडनावच क्रियापद म्हणून सुचवले, असे पत्रकार जेम्स रेडपाथ यांनी नोंदवले आहे.

एवढ्यासाठी मी लेखणी उचलली नसती. परंतु ही उलटापालट आपल्या दैनिकाच्या अंगवळणी पडली आहे. गेल्या वर्षी ऐन दिवाळीच्या तोंडावर आमच्या तालुक्याच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, ओलाव्याच्या कपातीवरून वाद झाला आणि खरेदीदारांनी सौदाच निघू दिला नाही. आमचे सोयाबीनचे कट्टे उघड्यावर, रात्री पाऊस. ताडपत्री वरून होती, पण फरशीवरून वाहत आलेल्या पाण्याने खालच्या थरातील दाणे फुगून काळे पडले आणि पुढे तेच कट्टे ‘डागी माल’ म्हणून पडत्या भावात गेले. आपल्या पानावर मात्र मथळा झळकला, ‘शेतकऱ्यांचा सौद्यावर बहिष्कार’! ज्याच्या डोक्यावर आडत्याची, म्हणजे बाजारातल्या दलालाची, आगाऊ उचल आहे, तो सौद्यावर बहिष्कार कशाच्या बळावर टाकणार, हे मोंढ्यातल्या कोणत्याही हमालाने बातमीदारांना चहाच्या घोटासरशी सांगितले असते. मी तेव्हा पाठवलेला खुलासा जागेअभावी छापता आला नसावा, असे मी सौजन्याने समजतो. त्याच पानावर पुढाऱ्यांच्या वाढदिवसाच्या शुभेच्छांना जागा अपुरी पडल्याचे कधी दिसले नाही.

बॉयकॉट यांच्याविषयीची दुरुस्ती तरी त्याच सदरात, त्याच आकाराच्या अक्षरांत यावी. आणि रविवारची पुरवणी आमच्या गावी सोमवारी दुपारी पोचते, याकडेही वितरण विभागाने लक्ष द्यावे, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त शिक्षक व शेतकरी, जि. लातूर