'उद्या सांगतो' म्हणून खरंच आलेल्या काकांना

काका, सा. न.

मागच्या गुरुवारी माझी तोंडी परीक्षा झाली. बाहेर आले, आधी जिन्यात बसून रडून घेतलं, मग आईला फोन केला. तुम्हाला केला नाही. मी 'थँक्यू काका' म्हणणार आणि तुम्ही 'बरं बरं, जेवलीस का?' म्हणून ठेवून देणार, हे माहीत होतं. म्हणून हे पत्र, आणि तेही सगळ्यांना दिसेल असं.

माझा विषय ऐकून लोक काय म्हणायचे ते तुम्हाला ठाऊक आहे. समुद्रतळाच्या गाळातून पाणी आणि वायू वाट कशी काढतात, आणि त्या वाटेत फॉल्ट, म्हणजे थर तुटून सरकलेली भेग, काय करतो. 'सोलापुरात बसून समुद्र? इथं नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतंय, ते बघ की आधी.' हे रिक्षावाल्यानं म्हटलं असतं तर मीही हसले असते. म्हणणारे मला शिकवायचा पगार घेत होते. दुसऱ्या एकांना शंका विचारायला गेले, तर म्हणाले दिवाळीनंतर ये. दोन दिवाळ्या झाल्या.

खरं तर हा प्रश्न मला समुद्रानं नाही, आमच्या रानानं दिला. बांधापलीकडच्या बोअरला दोन इंची पाणी आणि आमच्या दोन्ही बोअरना नुसता फुफाटा. काळ्या दगडात पाणी भेगांच्या मर्जीनं चालतं, हे बाबांना पैसे घालवून कळलं आणि मला फुकटात.

तुम्ही मुंबईच्या समुद्रात तेलाच्या रिगवर मड लॉगिंग केलेलं, म्हणजे विहीर खोदताना वर येणारा चिखल आणि दगडाचा चुरा तपासून नोंदी ठेवलेल्या, एवढंच आम्हाला माहीत. मी शंका घेऊन खाली आले त्या संध्याकाळी काकूंच्या ओट्यावर तुम्ही कणकेच्या दोन जाड पोळ्या थापल्या आणि मधे ओल्या रव्याचा थर दिला. कणीक म्हणजे चिकणमाती, रवा म्हणजे वाळू. सुरी तिरकी घातली आणि एक बाजू बोटभर खाली सरकवली. काकू ओरडल्या, 'अहो, उद्याच्या पोळ्यांची कणीक आहे ती!' पण मला त्या कापावर पसरलेला कणकेचा पातळ पापुद्रा दिसला. एका बाजूच्या रव्यात कुंकवाचं पाणी सोडलं, ते पापुद्र्याशी येऊन थांबलं. पलीकडचा रवा पांढराच. पुस्तकात 'क्ले स्मिअर' म्हणून चार वेळा वाचलेलं ते हे होय!

मग मी विचारलं, फॉल्ट आडवं जाऊ देत नाही हे पटलं, पण तोच फॉल्ट खालचा वायू वर कसा सोडतो? आणि सोडतो तर कायम का सोडत नाही?

तुम्ही सुरी खाली ठेवलीत. थोडा वेळ गप्प बसलात आणि म्हणालात, 'हे मला नीट सांगता येणार नाही गं. उद्या सांगतो.'

दोन वर्षांत 'मला सांगता येणार नाही' असं कुणी म्हटलेलं मी पहिल्यांदा ऐकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता दार वाजलं. तुमचे ते गुडघे, आमचा तिसरा मजला. धाप लागलेली, पायजम्याला पांढरी माती आणि हातातल्या पिशवीत दगड. हिप्परग्याकडे कुणाची विहीर खोदायचं चाललंय, तिथून उजाडताच आणलेला. काळ्या खडकातून करंगळीएवढी पांढरी शीर गेलेली. 'ही एके काळी भेग होती. हिच्यातून पाणी गेलं, आणि पाण्यानंच आणलेल्या कॅल्साइटनं, या पांढऱ्या खनिजानं, ती बुजवून टाकली.'

सगळं त्या शिरेत होतं. समुद्रतळी वरच्या गाळाचं ओझं वाढत जातं, चिकणमाती खालचं पाणी लवकर निसटू देत नाही, दाब चढतो. तो वरच्या ओझ्याच्या जवळ पोचला की फॉल्ट जरासा सरकतो, त्याच्या बाजूच्या भेगा उघडतात आणि पाणी, मिथेन वर धावतात. दाब उतरला की भेगा मिटतात, राहिलेल्या खनिजांनी बुजतात. तळाजवळ तर सूक्ष्मजीव मिथेन खातात आणि त्यातून कार्बोनेटचा कडक थर धरून वाट बंद होते. पुन्हा दाब, पुन्हा उघडणं. जिथं असा वायू निसटतो तिथं तळाला खळगे पडतात. 1970 साली कॅनडाच्या नोव्हा स्कोशियाजवळच्या अशाच खळग्यांचं वर्णन पहिल्यांदा छापून आलं.

परीक्षकांनी नेमकं विचारलं, आपल्याकडचं उदाहरण द्या. मी बंगालच्या उपसागरातलं कृष्णा-गोदावरी खोरं सांगितलं. 2006 मध्ये तिथं समुद्रतळात खोदलेल्या एका छिद्रात सुमारे 130 मीटर जाडीच्या पट्ट्यात गॅस हायड्रेट, म्हणजे पाण्यात अडकून बर्फासारखा घट्ट झालेला वायू, सापडलं, आणि ते बहुतेक चिकणमातीच्या भेगांमधे भरलेलं होतं. म्हणजे भेगच वाट आणि भेगच कोठार. हे बोलताना माझा हात पिशवीतल्या तुमच्या दगडावर होता. बाहेरून आलेले ते सर जरा पुढे सरकून बसले, तेव्हा मी जिंकले.

चांगलं माणूस कशावरून ओळखायचं, असं आता कुणी विचारलं तर मी हुशारी शेवटी मोजेन. माझ्यासारख्या पोरीच्या शंकेसाठी कुणी सकाळची झोप मोडतं का, ते आधी बघेन. 'दिवाळीनंतर ये' म्हणणाऱ्यांनाही परवा पेढा दिला. हसून घेतला त्यांनी, आणि विषय काय होता म्हणून विचारलं.

काकूंची कणीक आणि रवा देणं लागते. रविवारी आईच्या कडक भाकऱ्या आणि शेंगाचटणी घेऊन येते. तुम्ही जिना चढू नका, मीच खाली येते.

तुमची,
तिसऱ्या मजल्यावरची