अर्ज इतक्यात नको

चिपळूण,
10 नोव्हेंबर

चि. मंदार यास अनेक आशीर्वाद.

सुखरूप पोचल्याचं फोनवर बोललोच. तरी पत्र लिहितोय, कारण ग्रीन कार्डाचा, म्हणजे आम्ही अमेरिकेत कायम राहायच्या परवान्याचा विषय फोनवर तू मला पुरता बोलू देत नाहीस.

आधी घराचं सांगतो. मे महिन्यात कुलूप लावलं, अख्खा पावसाळा घर बंद. दार उघडलं तर ओल्या गोणपाटाचा वास. माजघराच्या भिंतीवर हिरवट बुरा, पुस्तकांच्या कपाटात वाळवी, खालचे दोन खण गेले. चार कौलं सरकलीत, पण वासे शाबूत आहेत. अंगणात कमरेएवढं गवत. एवढा पसारा समोर असताना तुझ्या आईने सगळ्यात आधी काय केलं? मोहरी-मिरचीची सणसणीत फोडणी! तुमच्याकडे सहा महिने बिचारी खिडकी उघडून पुठ्ठ्याने वारा घालायची, धुराने तो छताचा भोंगा बोंबलू नये म्हणून. इथे ठसका लागला तशी शेजारीण कुंपणाशी आली, "आलात होय!"

परवा बँकेत जाऊन हयातीचा दाखला दिला. नोव्हेंबरात पेन्शनरांनी आपण जिवंत असल्याची सही करायची असते. हल्ली मोबाईलला चेहरा दाखवूनही होतं म्हणे. होत असेल. पण रांगेतल्या बाकावर कोण कोण उरलंय ते मोबाईलवर कळत नाही. यंदा दोघे कमी दिसले.

आता ग्रीन कार्ड. तू तिकडचा नागरिक झालास, त्यामुळे आईवडिलांसाठी अर्ज करता येतो, वर्षानुवर्षांची रांगही नाही, हे तू तीनदा समजावलंस. मला पहिल्यांदाच समजलं होतं. पण ते घेतलं की राहायचंही तिथेच. इकडे वर्षभर रमलो तर परतताना जाब द्यावा लागणार. पाहुणा म्हणून सहा महिन्यांची मुदत मिळते, परतीची तारीख ठाऊक असते, म्हणून सगळं गोड लागलं.

तुमच्या एडिसन गावाला नावं ठेवत नाही. ओक ट्री रोडवर कढीपत्त्यापासून सगळं मिळतं, आणि वाचनालय तर तसं आपल्या तालुक्याला हवं. पण तिथे पोचायलाही शनिवारी तुला सवड हवी. दूध संपलं तरी तुझी गाडी येईपर्यंत थांबा. गाडी न चालवणारा माणूस तिथे कपाटासारखा, कुणी हलवलं तर हलणार. तुझा यात दोष नाही. तू आणि सूनबाईंनी काही कमी केलं नाहीत.

खोटं कशाला सांगू, रात्री दोनला जाग येते. तुमची घड्याळं मागे गेल्यापासून साडेदहा तासांचं अंतर, म्हणजे तिकडे दुपारचे साडेतीन, आमच्या नातीची, सईची शाळेची पिवळी बस कोपऱ्यावर यायची वेळ. पडवीत येऊन बसतो. तुझी आईही जागीच असते, बोलत नाही एवढंच.

तरीही अर्ज इतक्यात नको. सईचं ओसीआय कार्ड, म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळतं ते, आहे, तिला व्हिसाची कटकट नाही. तुम्हीच या. तिची शाळा जूनमध्ये उशिरा सुटते, तोवर आंबा संपलेला असेल. पण मागच्या पऱ्याला पाणी आलेलं असेल. सुतार सोमवारी येतो म्हणालाय, कपाटाचे खण नवे करून घेतो. खालचा सईला हात पोचेल इतका ठेवायला सांगतो.

तुझे
बाबा