लिनक्सची खिडकी उघडते, पण त्यात मराठी उमटत नाही

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

लिनक्स ही विंडोजसारखीच वेगळी संगणकप्रणाली. ‘विंडोजमध्येच लिनक्स चालते, मग प्रयोगशाळेत वेगळे लिनक्स कशाला?’ असा सल्ला महाविद्यालयांना हल्ली सर्रास दिला जातो. टर्मिनलपुरता, म्हणजे आज्ञा टाइप करून काम करण्यापुरता, तो खरा आहे. खिडक्या असलेली ॲप्स आणि त्यात मराठी टंकन आले की अडचणी सुरू होतात, आणि त्यांची तयारी कोणी करून ठेवत नाही.

विंडोजमध्येच लिनक्स चालवणारी मायक्रोसॉफ्टची ‘डब्ल्यूएसएल’ सोय २०१६ मध्ये आली. तिच्या दुसऱ्या आवृत्तीपासून विंडोजच्या पोटात एका छोट्या आभासी यंत्रावर खरा लिनक्स कर्नल (प्रणालीचा गाभा) चालतो. २०२१ मध्ये विंडोज ११ बरोबर ‘डब्ल्यूएसएलजी’ ही तिची जोडसोय आली आणि लिनक्स ॲपची खिडकी विंडोजच्या खिडक्यांशेजारी दिसू लागली. दूरच्या संगणकाचा पडदा दाखवायला जी रिमोट डेस्कटॉपची पद्धत वापरतात, तीच येथे आतल्या आत वापरली आहे. म्हणजे विंडोजकडे येते ते ॲपचे चित्र. फॉन्ट, टंकनाची व्यवस्था आणि यूएसबी उपकरणे ज्याची त्याच्याकडेच राहतात. बहुतेक तक्रारींचे मूळ हेच.

विंडोजचा मराठी फोनेटिक कळफलक निवडून लिनक्समधल्या लिबरऑफिसमध्ये (वर्डसारखे लेखनाचे ॲप) टाइप केले तरी इंग्रजीच उमटते, कारण अक्षरजुळणी विंडोजच्या बाजूला होते आणि पलीकडे नुसती दाबलेली कळ पोचते. त्यासाठी लिनक्सच्या आत एफसीआयटीएक्स-५ ही टंकनप्रणाली आणि तिचे अनेक भाषांचे कळफलक देणारे एम१७एन पॅकेज बसवावे. मराठीचा इनस्क्रिप्ट-२ कळफलक त्यात मिळतो. जीटीके आणि क्यूटी (खिडक्या-बटणे बनवण्याचे दोन साचे) यांवरच्या ॲप्सना ही टंकनप्रणाली जोडणारी फ्रंटएंड पॅकेजे वेगळी असतात, तीही घ्यावीत. लिबरऑफिसचे स्वतःचे जीटीके-३ पॅकेज हमखास विसरले जाते. मग जीटीके-आयएम-मोड्यूल, क्यूटी-आयएम-मोड्यूल आणि एक्समॉडिफायर्स ही तीन चले (प्रणालीला सेटिंग सांगणारी नावे) होम फोल्डरमधल्या प्रोफाइल फाइलमध्ये लिहावीत. टाइप करताना विंडोजचा कळफलक इंग्रजीवरच ठेवावा, नाहीतर दोन थर एकमेकांच्या पायात येतात.

अक्षरांऐवजी चौकोन दिसत असतील, तर देवनागरी फॉन्टच नाही असे समजावे. डब्ल्यूएसएलसाठीचा उबुंटू (लिनक्सचा एक प्रचलित प्रकार) टर्मिनल डोळ्यांपुढे ठेवून आटोपशीर बनवलेला असतो. ‘फॉन्ट्स-देवा’ हे पॅकेज बसवले की काम भागते. तरीही विंडोजमध्ये निर्मला किंवा मंगल फॉन्टात केलेला मजकूर लिनक्समधल्या लोहित फॉन्टात उघडला की ओळी सरकतात, पाने वाढतात. हे टाळायचे असेल तर लिनक्सला फॉन्ट शोधून देणाऱ्या फॉन्टकॉन्फिगच्या लोकल फाइलमध्ये विंडोजच्या फॉन्ट फोल्डरचा मार्ग द्यावा आणि फॉन्टची कॅश (साठवलेली यादी) ताजी करावी. श्रीलिपीतल्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फाइली मात्र तो फॉन्ट नसेल तर निरर्थक चिन्हेच दाखवणार. तो दोष लिनक्सचा नव्हे.

काही यंत्रांवर खिडकीच उघडत नाही. पूर्वी लिनक्सच्या खिडक्या दाखवायला व्हीसीएक्सएसआरव्ही हे ॲप वापरलेले असेल तर लिनक्स टर्मिनलच्या बॅश-आरसी या सेटिंग फाइलमध्ये ‘डिस्प्ले’ चलाची जुनी ओळ राहून गेलेली असते. ती काढून पॉवरशेल या विंडोजच्या आज्ञा-खिडकीमधून डब्ल्यूएसएल पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करावे. सिस्टिमडी (लिनक्समधल्या सेवा सुरू करणारी व्यवस्था) चालू केल्यावर एक्स-११ चे, म्हणजे खिडक्या काढणाऱ्या व्यवस्थेचे, सॉकेट (जोडणीचे टोक) झाकले जाण्याचा प्रकारही माहितीतला आहे. तेव्हा डब्ल्यूएसएलजीच्या फोल्डरमधल्या सॉकेटकडे दुवा नव्याने जोडावा लागतो. त्रिमितीय ॲप कूर्मगतीने चालत असेल तर जीएलएक्सइन्फो या तपासणीच्या आज्ञेत ‘एलएलव्हीएमपाइप’ दिसते का ते पाहावे. दिसले तर चित्र ग्राफिक्स कार्डऐवजी प्रोसेसर काढत आहे.

प्रकल्पाच्या फाइली विंडोजच्या सी ड्राइव्हवर ठेवण्याची सवय सोडावी. तिथे प्रत्येक फाइल ९पी या फाइल-देवाणघेवाणीच्या प्रोटोकॉलमधून जाते आणि हजारो छोट्या फाइलींचा प्रकल्प रखडतो. त्या लिनक्सच्या होम फोल्डरमध्ये ठेवाव्यात; विंडोजच्या एक्सप्लोररमधूनही त्या दिसतात. यूएसबीने जोडलेले अर्डुइनो बोर्ड (प्रयोगांसाठीचे छोटे सर्किट) लिनक्सला आपोआप दिसत नाही. यूएसबी उपकरण लिनक्सकडे सोपवणारे यूएसबीआयपीडी हे साधन बसवून प्रशासक म्हणून बोर्ड एकदा ‘बाइंड’ (वाटून घेण्यास खुले) करावे लागते, आणि केबल काढून पुन्हा लावली की दर वेळी ‘अटॅच’ (लिनक्सला जोडणे). तीस विद्यार्थ्यांच्या तासिकेत हे कोण करणार, हा प्रश्न खरेदीच्या वेळीच विचारलेला बरा.

८ जीबी मेमरीच्या यंत्रावर डब्ल्यूएसएलला निम्मी, म्हणजे ४ जीबीपर्यंत घेण्याची मुभा असते. ही मर्यादा डब्ल्यूएसएल-कॉन्फिग फाइलमधून कमी करता येते. एकूण ४ जीबीच असलेल्या यंत्रावर हा खटाटोप करू नये. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार (सपोर्ट) १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. जी यंत्रे विंडोज ११ ला चालत नाहीत, त्यांवर सरळ लिनक्सच बसवावे. आणि जिथे डब्ल्यूएसएलच घ्यायचे ठरले असेल, तिथे बसवणाऱ्याचे बिल मंजूर करण्यापूर्वी प्रत्येक यंत्रावर लिनक्सच्या लिबरऑफिसमध्ये ‘दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी’ एवढे टाइप करून, पीडीएफ काढून, ती विंडोजमध्ये उघडून दाखवायला सांगावे.

– संगणक प्रयोगशाळा साहाय्यक, नाशिक