गवसणीतली वाद्यं

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू सहज विचारलंस, "लेका, तुझ्याकडे वाद्यं आहेत तरी किती?" आणि मी "असतील सहा-सात" म्हणून वेळ मारून नेली. फोन ठेवल्यावर मोजली. अकरा निघाली. खणातला माउथ ऑर्गन आणि माळ्यावरची एका बाजूचं पान फाटलेली ढोलकी धरून अकरा. त्यातलं धड वाजवता येतं ते एक. आणखी तिघांवर पाहुण्यांसमोर वेळ निभावते, पाहुणे दर्दी नसले तर. उरलेली सात गवसणीत, म्हणजे आपापल्या खोळीत. आकाश तेवढं सोडून बाकी सगळ्याला मी गवसणी घालून ठेवलीय म्हण ना.

मग रात्री झोप येईना, म्हणून ही सगळी आली कशी ते आठवत बसलो. दर वेळी दुकानात शिरताना मला ते वाद्य वाजवणारा माणूस व्हायचं होतं. दुकानदार बिचारा वाद्य देऊ शकतो, माणूस कुठून देणार? तरी घरी येताना मला आपलं वाटायचं की अर्धं काम झालं.

गिटारीचंच बघ. पहिल्या गिटारीवर सगळ्या तारा एका बोटाखाली दाबायचा तो कॉर्ड काही केल्या वाजेना. बोटांना घट्टे पडले, पण आवाज निघायचा तो लाकडावर टिचकी मारल्यासारखा. कुणीतरी म्हणालं, तारा पट्टीपासून फार उंच आहेत. ते खरंही होतं. ब्रिजचं हाड थोडं घासून घेतलं असतं तर भागलं असतं. मी दुसरी गिटार आणली. ती हाताला खरोखर सोपी निघाली आणि तिथेच माझा घात झाला. अडचण आली की खरेदी करायची, हे त्या दिवशी डोक्यात पक्कं बसलं. पुढे सूर लागेना म्हणून नव्या तारा, ताल चुकतो म्हणून मेट्रोनोम, रियाज होत नाही म्हणून चांगलं स्टँड. स्टँड फार सुंदर आहे. त्यावर गिटार इतकी शोभते की उचलवत नाही.

व्हायोलिनची गोष्ट तुला कधी सांगितली नाही, लाज वाटायची म्हणून. घेतल्यावर तिसऱ्या महिन्यात मी ते स्वच्छ करायला काढलं आणि चारही तारा एकदम सोडल्या. तारा उचलून धरणारी घोडी आडवी झाली, आणि आत काहीतरी टक्कन पडलं. व्हायोलिन हलवलं तर आतून खुळखुळा वाजावा तसा आवाज. मला वाटलं, मोडलं! दुरुस्ती करणाऱ्या कारागिराकडे धावत गेलो. तो हसायलाच लागला. व्हायोलिनच्या पोटात, घोडीच्या एका पायाच्या थोडी मागे, वरची आणि खालची फळी यांच्यामध्ये पेन्सिलीएवढ्या जाडीची एक काडी उभी असते. ती चिकटवलेली नसते. तारांच्या दाबाने फळ्यांमध्ये नुसती धरून राहते आणि वरच्या फळीची थरथर खाली पोचवते. दाब गेला की ती आडवी. म्हणून तारा बदलायच्या त्या एकेक करून. फ्रेंच लोक या काडीला 'आत्मा' म्हणतात. त्याने वाकड्या सळईने, खाचेतून डोकावत ती परत उभी केली, जरा इकडे सरकवली, गज फिरवला, जरा तिकडे सरकवली, पुन्हा गज. केसाएवढ्या फरकाने वाद्याचा आवाज बंद खोलीतून अंगणात आल्यासारखा व्हायचा. त्या अर्ध्या तासात मी व्हायोलिनबद्दल जेवढं शिकलो तेवढं वाजवून कधी शिकलो नाही.

जुन्या वाद्याचं वेडही तिथेच थोडं उतरलं. 'जुनं ते सोनं' हा आपल्या लोकांचा लाडका समज. पण स्ट्रॅडिवेरियस या प्रसिद्ध इटालियन व्हायोलिनांसारखी तीनशे वर्षांची वाद्यं आणि आजच्या कारागिरांची वाद्यं नामांकित वादकांना गडद चष्मे घालून वाजवायला दिली, त्या प्रयोगांचे निष्कर्ष २०१२ आणि २०१४ साली प्रसिद्ध झाले. बहुतेकांनी पसंत केली ती नवी, आणि कुठलं जुनं, कुठलं नवं हे त्यांना खात्रीने ओळखताही येईना. हे वाचून मला इतका आनंद झाला की त्या आनंदात मी एक नवी बासरी घेतली. हसू नकोस.

या अकरांत माझं आयुष्य खरोखर बदललं ते तानपुऱ्याने. गंमत म्हणजे तानपुऱ्यावर वाजवण्यासारखं काही नसतंच. चार तारा: एक पंचमाची (प), दोन जोडीच्या (सा), एक खर्जाची (खालचा सा), एकामागून एक छेडत राहायचं. पण तो लावणं! खुंट्या पिळायच्या, मग मणी सरकवायचे, मग घोडीवर तारेखालचा दोरा केसभर पुढे, केसभर मागे, जवारी, म्हणजे तारेची ती गुंजणारी झणकार, खुलेपर्यंत. सुरुवातीला मला पाऊण तास लागायचा आणि तरी तो बेसुराच असायचा. जाणकार म्हणायचे, "खर्जाच्या तारेत गांधार ऐक." मला वाटायचं, ही गाणाऱ्यांची कविता असेल. गांधाराची, म्हणजे 'ग'ची, तार तर कुठेच नाही! दोन महिन्यांनी एका पहाटे तो ऐकू आला. स्वच्छ, लांबून, कुणीतरी शेजारच्या घरात गुणगुणत असल्यासारखा. तार मूळ स्वराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट कंपनांचे स्वरही देत असते आणि पाचपटीतला तो स्वर म्हणजे गांधार. पसरट घोडीवर तार घासत सुटते म्हणून तो इतका उघडा होतो. भौतिकशास्त्र एवढंच. पण त्या पहाटेनंतर मी घरातल्या सगळ्या रेकॉर्डी पुन्हा पहिल्यापासून ऐकल्या. आधी मी गायकाला ऐकायचो, आता गायकाच्या मागे काय चाललंय तेही कानावर येऊ लागलं. काही लाडक्या मैफलींतला तानपुरा चक्क उतरलेला निघाला. त्यांच्यावरचं प्रेम कमी झालं नाही, पण आंधळं राहिलं नाही.

म्हणून कुणी म्हणालं की न वाजवायची वाद्यं घेणं हा शुद्ध शौक, तर मी आता भांडत नाही, पण मान्यही करत नाही. वादक होण्याची ऐपत माझ्यात नव्हती. वाद्यांनी मला श्रोता केलं.

आता रेकॉर्डींकडे येतो, कारण तुझ्या प्रश्नातला खरा टोमणा तिकडेच होता हे मला कळलंय. त्याही मोजल्या. चारशेच्या आसपास. एकीची सरासरी पाऊण तास धरली तर तीनशे तास, म्हणजे रोज नेमाने एक तास ऐकलं तरी दहा महिने. तेवीस तर अजून प्लास्टिकमध्येच आहेत. याचं समर्थन माझ्याकडे नाही.

पण एक सांगतो. मी ज्या संगीतात मुरलो ते सगळं अडचणीच्या काळातलं आहे. तू मला भरून दिलेली ती नव्वद मिनिटांची कॅसेट आठवते? (विकत घेतलेली नव्हती, हे इथे कबूल करू.) एका बाजूला पंचेचाळीस मिनिटं. विलंबित (संथ) आणि मध्यलय नीट बसली, आणि द्रुत (जलद) रंगात आली असताना तानेच्या मध्यात टेप संपली. मी ती इतक्या वेळा ऐकली की ती तान तिथे 'खट्' करूनच संपते असं मला वाटायचं. पुढे त्याच मैफलीची सीडी घेतली. तान पुढे गेली, समेवर आली, टाळ्या पडल्या, आणि मला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. अजून वाटतं. शिवाय त्या कॅसेटमध्ये गाणं सुरू व्हायच्या आधी शांततेत गायकाचा पहिला 'सा' अगदी पुसट ऐकू यायचा. मला ते अद्भुत वाटायचं. टेप गुंडाळलेली पडून राहिली की एका वेटोळ्यातलं चुंबकन शेजारच्या वेटोळ्यावर उमटतं, ही त्याची सावली, हे फार उशिरा कळलं. कळायला नको होतं.

विलंबित तेव्हा मला कळत नव्हतं, कंटाळा यायचा. पण कॅसेट तीच एक होती. आज कंटाळा आला की अंगठा हलतो आणि पुढचं गाणं सुरू होतं. एका अर्थी सगळं जग हाताशी आहे, आणि मी काही त्याच्या विरुद्ध नाही. ज्या देशांची नावं नकाशात शोधावी लागतात तिथले वादक मला याच सोयीने भेटले. पण त्यातला एखादा मनात राहावा असं वाटलं, की मी त्याची रेकॉर्ड विकत घेतो. एक तर फोनवर एकदा ऐकण्याचे कलाकाराच्या हातात पडतात ते पैसे अगदी चिल्लर. दुसरं म्हणजे पैसे मोजले की मी हट्टाने ऐकतो. आवडली नाही तरी चार वेळा ऐकतो. चौथ्यांदा आवडलेल्या रेकॉर्डी माझ्याकडे पहिल्यांदा आवडलेल्यांपेक्षा जास्त टिकल्या आहेत.

आणि घेतलेली वस्तू आपल्याशी थोडी हुज्जत घालते, हेही मला आवडतं. एलपीची बाजू वीस-बावीस मिनिटांत संपते, उठावं लागतं. तबकडी एकाच वेगाने फिरते, पण आतल्या बाजूची वर्तुळं लहान, म्हणून सुईखालून जाणारी खाच शेवटाकडे जवळजवळ निम्म्या गतीने सरकते आणि आवाज किंचित चुरगळतो. गाणारा नेमका तेव्हाच द्रुतात असतो! त्याआधीच्या, मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकड्यांवर तर जेमतेम तीन मिनिटं मिळायची. गायिका गौहर जान यांनी १९०२ साली पहिल्या ध्वनिमुद्रणांच्या शेवटी आपलं नाव मोठ्याने सांगून टाकलं, कारण तबकड्या छापायच्या होत्या जर्मनीत आणि तिथल्यांना कळायला हवं होतं की ही कुणाची. मला ते नाव गाण्याइतकंच आवडतं. राग तीन मिनिटांत उरकायचा आणि वर सहीसुद्धा करायची!

सगळ्यांत भारी संग्राहक मात्र १९७७ साली होऊन गेले. दूर अंतराळात जाणाऱ्या व्हॉयेजर यानांवर त्यांनी तांब्याची, सोन्याचा मुलामा दिलेली एकेक तबकडी ठेवली, वर सुई दिली आणि ती कशी वाजवायची याचं चित्र काढलं. त्यात गायिका केसरबाई केरकरांची भैरवी आहे. त्याच वर्षी सप्टेंबरात केसरबाई गेल्या. ती तबकडी कधीतरी कुणी वाजवेल, ही आशा माझ्या तेवीस बंद रेकॉर्डींना फार धीर देते.

असो. मुद्द्याचं राहिलंच. तू म्हणालास, लेक पेटी शिकायचं म्हणतेय. माझी पेटी तिच्यासाठी पाठवतोय. उसनी नव्हे, कायमची. पेटीवर मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, निघत नाही, स्वर ठरलेल्या जागी बसलेले असतात, कान बिघडतो, असं तिला कुणी ना कुणी सांगेलच. त्यात तथ्य आहे, पण तिला आधी वाजवू दे. पुढेमागे तानपुरा आणलास की कान आपोआप भांडायला लागतील. एवढं मात्र तिला सांग: वाजवून झाल्यावर भात्याची कडी लावायची, उन्हात किंवा बंद गाडीत ठेवायची नाही, आणि आठवड्यातून एकदा तरी सगळ्या पट्ट्या दाबायच्या. न वापरलेले सूर धूळ धरतात आणि मग नेमके हवे तेव्हा बोलत नाहीत. मंद्र सप्तकातला कोमल निषाद आताच जरा उशिरा बोलतो, तो माझा दोष, पेटीचा नाही.

पेटी गेली की इथे दहा उरतील. अकरावं काहीही आणणार नाही, असं हिला सांगितलंय. तू साक्षीदार आहेस, पण गप्प राहा.

आणि ती नव्वदची कॅसेट मागच्या खेपेला तुझ्याकडेच राहिली. परत नको पाठवूस. फक्त एकदा टोकापासून टोकापर्यंत पुढे फिरव आणि मग मागे. यंत्र चालत नसेल तर पेन्सिल घाल.

वहिनींना नमस्कार, लेकीला आशीर्वाद.

तुझाच,
गवसणीवाला