संथ खेळाची ताकीद म्हणजे आरोप नव्हे

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

ट्रेडिंग कार्ड गेमच्या, म्हणजे जमवलेल्या पत्त्यांतून स्वतःचा संच रचून खेळायच्या खेळाच्या, स्पर्धेत आपल्या मुलाला ‘फार वेळ विचार केला’ म्हणून पंचांनी ताकीद दिली, याबद्दल नाराजी व्यक्त करणारे एका पालकांचे पत्र आपल्या सदरात वाचले. विचार करण्याची शिक्षा बुद्धीच्या खेळात कशी काय होऊ शकते, हा त्यांचा सवाल वरवर पाहता बिनतोड वाटतो. या स्पर्धांमध्ये मी आधी खेळाडू म्हणून आणि पुढे पंच म्हणून वावरलो असल्याने, त्या सवालाला टेबलाच्या दुसऱ्या बाजूने उत्तर द्यावेसे वाटते. मुलाच्या प्रामाणिकपणाबद्दल मला तिळमात्र शंका घ्यायची नाही. किंबहुना माझे म्हणणे असे आहे की, ताकीद देताना पंचांनीही ती घेतलेली नसते.

आधी वेळेचा हिशेब पाहू. ‘मॅजिक : द गॅदरिंग’ या १९९३ पासून खेळल्या जाणाऱ्या खेळात स्विस पद्धतीची (हरणारा बाद होत नाही, दर फेरीत सारखे गुण असलेल्यांची गाठ पडते) एक फेरी साधारणतः ५० मिनिटांची असते आणि तेवढ्या वेळात तीनपैकी दोन डाव जिंकायचे असतात. पत्ते पिसणे, डेकमधून, म्हणजे आपल्या संचातून, पत्ता शोधणे, डावांच्या मध्ये राखीव पत्ते बदलणे हे सगळे त्याच ५० मिनिटांत. वेळ संपल्याची घोषणा झाली की चालू टर्न, म्हणजे खेळाडूची पाळी, पूर्ण होतो आणि दोघांत मिळून आणखी पाच टर्न खेळता येतात. तेवढ्यातही डाव संपला नाही, तर तो अनिर्णित धरला जातो. आता दोघांपैकी एक जण दर टर्नला चार मिनिटे घेतो आणि दुसरा एक मिनिट, असे धरा. दोघांच्या वाट्याला टर्न सारखेच आले, तरी ५० पैकी ४० मिनिटे एकानेच वापरली. वेळ ही दोघांची सामाईक मिळकत आहे आणि त्यातला निम्म्याहून अधिक हिस्सा एकाने, भले अजाणता का होईना, खाल्ला तर दुसऱ्याचे नुकसान व्हायचे ते होतेच.

ते नुकसान कसे होते, हे बाहेरच्या माणसाच्या चटकन लक्षात येत नाही. सामना जिंकल्यास तीन गुण, बरोबरीला एक आणि हरल्यास शून्य असा हिशेब असतो. वेळ संपली आणि दोघांचा एकेक डाव झालेला असला, तर सामना बरोबरीत सुटतो, आणि पहिल्या क्रमांकांच्या शर्यतीत असलेल्या दोघांनाही बरोबरी पुष्कळदा पराभवाइतकीच महाग पडते. पण पहिला डाव एकाने जिंकलेला आहे आणि दुसरा अर्धवट राहिला, तर सामना पहिला डाव जिंकणाऱ्याचा. म्हणजे पहिला डाव खिशात टाकलेल्या खेळाडूला दुसरा जिंकण्याची गरजच उरत नाही. तो संपू नये, एवढे पुरते. बाद पद्धतीच्या फेरीला वेळेची मर्यादा असली आणि दोघांचे डाव सारखे असले, तर जादा टर्ननंतर ज्याचे प्राण, म्हणजे लाइफ टोटल, जास्त तो पुढे जातो, आणि ‘यु-गि-ओ’सारख्या खेळातही वेळ संपल्यावर लाइफ पॉइंटची तुलना निर्णायक ठरते. घड्याळ जेव्हा एकाच्या बाजूने खेळू लागते, तेव्हा संथपणा ही नुसती सवय राहत नाही. त्याला फळ मिळू लागते.

(जाता जाता एक गंमत. घोषणा ज्याच्या टर्नमध्ये होते, त्याच्या प्रतिस्पर्ध्यापासून जादा टर्न मोजले जातात. त्यामुळे पाचपैकी तीन त्या प्रतिस्पर्ध्याला आणि दोनच याला मिळतात. शेवटच्या टर्नमध्ये रेंगाळणारा अनेकदा स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतो, आणि हे त्याच्या ध्यानीमनीही नसते.)

आता मूळ मुद्दा. नियमपुस्तिकेत दोन वेगवेगळे अपराध आहेत आणि सगळा घोटाळा ते एकच समजण्यातून होतो. पहिला संथ खेळ : यात हेतूचा प्रश्नच येत नाही. परिस्थिती कितीही गुंतागुंतीची असली तरी खेळाडूने वाजवी गतीने खेळले पाहिजे, अशी अपेक्षा आहे. ती पुरी झाली नाही तर स्पर्धात्मक पातळीवर ताकीद मिळते आणि त्या सामन्याच्या अखेरीस नेहमीपेक्षा जास्त टर्न दिले जातात. दुसरा वेळकाढूपणा : घड्याळाचा फायदा घेण्यासाठी जाणूनबुजून केलेला उशीर. ही फसवणूक मानली जाते आणि तिची शिक्षा थेट अपात्रता. एकीकडे ताकीद, दुसरीकडे स्पर्धेबाहेर हकालपट्टी. त्या पालकांनी पहिल्या अपराधाची शिक्षा दुसऱ्याची समजून वाचली आणि ‘माझ्या मुलाला लबाड ठरवले’ असा त्याचा अर्थ लावला. ज्याला लबाड ठरवले जाते, त्याला ताकीद देऊन टेबलाशी बसवून ठेवत नाहीत.

हेतू न पाहता ताकीद देण्याची ही तरतूद मला या नियमांतली सर्वांत शहाणपणाची वाटते. माणसाच्या मनात काय आहे हे पंचाला दिसत नाही, त्याला फक्त हात दिसतात. हातात तीन पत्ते आहेत, समोर प्राण्याचा एकच पत्ता मांडलेला आहे, आणि तरीही खेळाडू तेच तीन पत्ते डावीकडून उजवीकडे सरकवत राहतो. प्रतिस्पर्ध्याच्या वापरलेल्या पत्त्यांचा ढीग उचलून चाळतो, ठेवतो, आणि दरम्यान टेबलावर काहीही बदललेले नसताना पुन्हा तोच ढीग उचलतो. एका पत्त्यावर बोट ठेवतो, तो वर उचलतो, मग मान हलवून परत हातात घालतो. हे सारे प्रामाणिक गोंधळातूनही होते आणि कावेबाजपणातूनही. बाहेरून दोन्ही हुबेहूब सारखेच दिसते. ढीग विनाकारण पुन्हापुन्हा चाळणे हे तर पंचांसाठीच्या मार्गदर्शिकेत संथ खेळाचे उदाहरण म्हणूनच दिलेले आहे. हेतू सिद्ध झाल्याशिवाय काहीच करायचे नाही असे ठरवले असते, तर प्रामाणिक आणि अप्रामाणिक दोघेही मोकाट सुटले असते, आणि भुर्दंड समोर गप्प बसलेल्याने भरला असता.

बुद्धिबळातल्यासारखे दुहेरी घड्याळ का ठेवत नाहीत, असा प्रश्न त्या पत्रात नसला तरी अनेक जण विचारतात. बुद्धिबळात खेळी केली की पाळी निर्विवादपणे पलीकडे जाते. इथे माझ्या टर्नमध्येही मी प्रत्येक मंत्र टाकला की त्याला प्रत्युत्तर देण्याची संधी प्रतिस्पर्ध्याला मिळते, त्याच्या प्रत्युत्तराला मला मिळते, आणि टर्नच्या जवळजवळ प्रत्येक टप्प्याच्या शेवटी ही देवघेव पुन्हा होते. एका टर्नमध्ये डझनभर वेळा घड्याळ दाबत बसावे लागले, तर खेळ बाजूला राहील आणि घड्याळ कोणी दाबायचे होते यावरच भांडणे होतील. संगणकावर हे जमते, कारण पाळी कोणाची आहे ते यंत्रच ठरवते. ‘मॅजिक ऑनलाइन’वर दोघांनाही सामन्यासाठी स्वतंत्र २५ मिनिटे मिळतात. तिथे दर टर्नला चार मिनिटे घेणाऱ्याचा कारभार सातव्या टर्नलाच आटोपेल, मग सामना कोणत्याही वळणावर असो. प्रत्यक्ष टेबलावर ते घड्याळ नाही, म्हणून त्याच्या जागी पंच उभा आहे. मुलाला यंत्राने हरवले असते तर कोणी पत्र लिहिले नसते. माणसाने नुसती ताकीद दिली तर लिहिले गेले.

वेळेचा हा प्रश्न निर्मात्यांनीही इतका गंभीर मानला आहे की, त्यापायी काही पत्त्यांवर बंदी आली. ‘सेकंड सनराइज’ हा पत्ता २०१३ मध्ये मॉडर्न या स्पर्धा-प्रकारातून (प्रत्येक प्रकारात कोणते पत्ते चालतात ते ठरलेले असते) काढला गेला, तो अति बलवान होता म्हणून नव्हे, तर त्याभोवती रचलेले डेक एकाच टर्नमध्ये इतका वेळ घेई की समोरचा नुसता बघत बसे आणि पुढची फेरी खोळंबे. ‘सेन्सेइज डिव्हायनिंग टॉप’चेही तसेच : डेकवरचे तीन पत्ते हवे तेव्हा बघायचे आणि हव्या त्या क्रमाने परत ठेवायचे, म्हणजे दर वेळी नवा विचार. २०१७ मध्ये लेगसी प्रकारात त्यावर बंदी आली, तेव्हा दिलेल्या कारणांत स्पर्धांना होणारा उशीर हेही एक होते. एक टेबल रेंगाळले की सगळी स्पर्धा रेंगाळते. ६४ खेळाडूंच्या स्पर्धेत स्विसच्या सहा फेऱ्या होतात. प्रत्येक फेरीत एखादाच सामना दहा मिनिटे लांबला, तरी अखेरीस बहुतेकांचा जवळजवळ एकेक तास नुसता ताटकळण्यात जातो.

दोष मात्र एकट्या संथ खेळाडूचा नाही. समोर बसलेला खेळाडू बहुतेक वेळा संकोचाने गप्प राहतो आणि पाच मिनिटे उरली की हात वर करतो. तोवर गेलेली वेळ कोणताही पंच परत आणू शकत नाही. पहिल्या डावातच ‘जरा लवकर खेळाल का?’ असे सौजन्याने म्हणणे, आणि तरीही फरक पडला नाही तर पंचांना बोलावून ‘कृपया आमच्या टेबलाची गती पाहा’ एवढेच सांगणे, यात कसलाही उद्धटपणा नाही. त्यासाठी कोणावर आरोप करावा लागत नाही. पंचही कमी दोषी नाहीत. टेबलाशी दोन मिनिटे उभे राहायचे, खेळाडू घाईघाईने दोन खेळ्या करतो, पंच समाधानाने निघून जातो, आणि त्याची पाठ वळताच पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. तरुण खेळाडूला ताकीद देताना तर अनेकांचा हात आखडतो. त्या मुलाच्या पंचांचा आखडला नाही, हे मला त्यांच्या श्रेयाचे वाटते.

नवख्याला वेळ लागतो, हे त्या पालकांचे म्हणणे खरे आहे आणि त्याची सोयही आहे. हौशी पातळीच्या स्पर्धांत औपचारिक ताकीद नसते, पंच समजावून सांगतात आणि खेळ पुढे जातो. मुलाला आणखी काही महिने तिथे खेळवणे चांगले. डेक निवडतानाही फरक पडतो : प्रत्येक टर्नमध्ये दहा पर्याय उभे करणाऱ्या डेकने सुरुवात केली, तर अनुभवी माणसालाही घाम फुटतो. आपला डेक एकट्याने पुष्कळदा खेळून बघितला की निम्मे निर्णय टेबलावर येण्याआधीच झालेले असतात, आणि प्रतिस्पर्ध्याचा टर्न चालू असतानाच आपल्या पुढच्या टर्नचा विचार करण्याची सवय लागली की उरलेलेही सोपे होतात. वाचण्यात, ऐकण्यात किंवा हाताच्या हालचालीत अडचण असलेल्या खेळाडूने मात्र ती स्पर्धा सुरू होण्यापूर्वीच मुख्य पंचांच्या कानावर घालावी; सामन्याच्या मध्यावर ती समजली, तर पंचांना फार काही करता येत नाही.

एक ताकीद गुणतालिकेला धक्का लावत नाही. त्याच स्पर्धेत दुसऱ्यांदा तीच चूक झाली, तर मात्र एक डाव गमवावा लागतो, हे मुलाला आताच सांगून ठेवलेले बरे. आयोजकांनाही आपल्या सदरातून एक विनंती करतो : पहिली फेरी सुरू होण्यापूर्वी मुख्य पंचांनी संथ खेळ आणि वेळकाढूपणा यांतला फरक दोन वाक्यांत जाहीर करावा, पालक हजर असतील तर त्यांच्यासमोर करावा, आणि उरलेली वेळ प्रत्येक टेबलावरून दिसेल असे मोठे घड्याळ लावावे.

आपला विश्वासू,
एक वाचक व स्पर्धा-पंच