बाकावरची वर्षे

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत ‘मोठा खेळाडू मोठा प्रशिक्षक होत नाही’ अशा आशयाचा लेख वाचला. लेखकाची सर्व उदाहरणे क्रिकेटची आहेत. मुलीच्या शिक्षणाच्या निमित्ताने फ्लोरिडातील गेन्सव्हिल येथे काही महिने राहणे झाले, तेव्हापासून तेथील महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये (चेंडू हातात घेऊन धावण्याच्या आणि फेकण्याच्या अमेरिकी फुटबॉलमध्ये) मला रस वाटू लागला. त्यातील स्टीव्ह स्परिअर यांची कारकीर्द पाहता लेखकाचा निष्कर्ष घाईचा वाटतो.

स्परिअर हे फ्लोरिडा विद्यापीठाचे क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमणाची सूत्रे हलवणारे खेळाडू होते. 1966 मध्ये ऑबर्नविरुद्ध बरोबरी असताना 40 यार्डांवरून चेंडू स्वतः खांबांमधून मारून त्यांनी सामना 30-27 असा जिंकून दिला, आणि त्याच वर्षी त्यांना महाविद्यालयीन फुटबॉलमधील वर्षाच्या सर्वोत्तम खेळाडूचा हाइसमन पुरस्कार मिळाला. लेखकाची नजर बहुधा येथेच थांबली असती. परंतु पुढे सॅन फ्रान्सिस्कोच्या व्यावसायिक संघातील नऊ हंगामांपैकी बराच काळ ते जॉन ब्रोडी यांचे राखीव खेळाडू म्हणून बाकावर होते आणि 1976 मध्ये ते टॅम्पा बेकडून खेळले, तेव्हा त्या संघाने 14 पैकी 14 सामने गमावले. माझ्या मते त्यांच्यातील प्रशिक्षक घडला तो या वर्षांत, पुरस्काराच्या वर्षी नव्हे.

फुटबॉलमध्ये फारसा दबदबा नसलेल्या ड्यूक विद्यापीठाला प्रशिक्षक म्हणून 1989 मध्ये त्याच्या गटाचे (आपापसांत खेळणाऱ्या विद्यापीठांच्या गटाचे) संयुक्त विजेतेपद मिळवून दिल्यावर ते 1990 मध्ये त्याच नात्याने फ्लोरिडाला परतले. फ्लोरिडाच्या ज्या गटात चेंडू काखोटीला मारून धावणे हाच पुरुषार्थ मानला जाई, तेथे त्यांनी लांब फेकींचा खेळ रुजवला. बारा हंगामांत 122 विजय, 27 पराभव आणि एक बरोबरी, शिवाय 1996 चे राष्ट्रीय विजेतेपद. तेही ज्या फ्लोरिडा स्टेट या दुसऱ्या विद्यापीठाकडून पाचच आठवड्यांपूर्वी हार पत्करली होती, त्याच संघाला 52-20 असे नमवून. त्याच हंगामात त्यांचा शिष्य डॅनी वर्फल हाही हाइसमनचा मानकरी ठरला.

हेच गृहस्थ 2002 आणि 2003 मध्ये वॉशिंग्टनच्या व्यावसायिक संघाकडे गेले आणि 32 पैकी 20 सामने हरले. महाविद्यालयात प्रशिक्षक शाळाशाळांतून मुले स्वतः हेरून आणतो, व्यावसायिक संघात मात्र त्याला तेवढी मोकळीक नसते. अपयशाचे मूळ खेळाडूच्या मोठेपणापेक्षा या फरकात शोधावे लागेल. कारण त्यानंतर साउथ कॅरोलायना विद्यापीठाला त्यांनी 86 विजय मिळवून दिले, त्यांपैकी 2011 ते 2013 या तीन हंगामांत प्रत्येकी 11.

महाविद्यालयीन फुटबॉलच्या सन्मान सभागृहात त्यांची निवड 1986 मध्ये खेळाडू म्हणून आणि 2017 मध्ये प्रशिक्षक म्हणून, अशी दोनदा झाली आहे. लेखाचा पुढील भाग येणार असेल, तर लेखकाने या उदाहरणाचाही विचार करावा, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक, पुणे