कल्लाप्पा, केरबा, तिप्पाण्णा ही नावे गावंढळ कशी?

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

वृत्तपत्रांच्या पुरवण्यांतून आणि मोबाइलवर फिरणाऱ्या याद्यांतून बाळांसाठी नवनवी नावे सुचविली जातात व प्रत्येकापुढे अर्थही दिलेला असतो. त्यांतले बरेच अर्थ ऐकीव असतात. ‘मायरा’ हे नाव इंग्रज कवी फल्क ग्रेव्हिल याने आपल्या कवितांसाठी घडविले असे मानले जाते; ‘किआरा’ इटालियन मानले तर त्याचा अर्थ उजळ आणि आयरिश मानले तर काळीसावळी. याद्यांना या पूर्वपीठिकेचे सोयरसुतक नसते. आईवडिलांनी हौसेने हवे ते नाव ठेवावे, त्याला माझी हरकत नाही. मात्र अशा याद्यांच्या नादाने बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागांतली जुनी नावे अर्थशून्य किंवा गावंढळ ठरविली जातात आणि शाळकरी नातवंडांना आजोबांचे नाव सांगायला संकोच वाटू लागतो, याचे मला मनापासून वाईट वाटते, म्हणून हा पत्रप्रपंच.

कन्नडमध्ये ‘कल्लु’ म्हणजे दगड. काही घरांत कल्लाप्पा हे नाव कल्लेश्वरावरून येते, पण पुष्कळदा त्यामागे तीच भावना असते जी मराठीतल्या दगडू, धोंडू, धोंडिबा या नावांमागे आहे. पाठोपाठची मुले दगावली की पुढचे मूल दगडासारखे टिकावे आणि मृत्यूची वा कुणाची वाईट नजर त्याच्यावर पडू नये म्हणून मुद्दाम ओबडधोबड नाव ठेवले जाई. केरबा हे नाव केरावरून आले आणि तिप्पाण्णा हे ‘तिप्पे’ म्हणजे उकिरड्यावरून. जन्मलेले मूल क्षणभर केरावर ठेवायचे, दुसऱ्या कुणी ते उचलून आणायचे आणि मग ते ‘सापडलेले’ मूल म्हणून वाढवायचे, अशी रीत होती. तमिळमधला कुप्पुस्वामी आणि तेलुगूतला पेंटय्या हेही केराकचऱ्यावरूनच आले आहेत. भिकाजी, भिकोबा म्हणजे देवाकडून भीक मागून मिळालेले मूल. तमिळमध्ये त्याच अर्थाने पिच्चै म्हणतात. मादाम कामांचे नाव भिकाजी होते, तेव्हा पारशी घरांनाही हे नाव परके नव्हते. महर्षी कर्व्यांचे नाव धोंडो होते. पुण्यात ज्यांच्या नावाचा गणपती प्रसिद्ध आहे ते दगडूशेठ हलवाई तर मूळचे कर्नाटकातले लिंगायत.

ही रीत केवळ आपल्या देशातली नाही. मंगोलियात ‘नेर्गुई’ म्हणजे ‘नाव नसलेला’ आणि ‘एनेबिश’ म्हणजे ‘हा नव्हे’ अशी नावे आजही आढळतात. दुष्ट शक्तींची दिशाभूल व्हावी हा त्यांचा हेतू. नायजेरियातल्या योरुबा समाजात मुले वारंवार दगावलेल्या घरी ‘मालोमो’, म्हणजे ‘पुन्हा जाऊ नकोस’, असे नाव ठेवतात, तर तुर्कस्तानात ‘दुर्सुन’, म्हणजे ‘राहू दे’. एकमेकींची भाषा कधी कानावर न पडलेल्या या आया आणि आमच्या खानापूरकडच्या आज्या यांनी पाळण्याशी उभे राहून एकच विनवणी केली आहे. अशा नावाला अर्थ नाही असे कोणत्या तोंडाने म्हणावे?

दुसरा मुद्दा भाषेचा. नाव ऐकून घराची भाषा ठरविण्याची घाई सीमाभागात दोन्ही बाजूंचे लोक करतात. वस्तुस्थिती अशी की, पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलणाऱ्या घरांत मल्लाप्पा, निंगाप्पा, यल्लाप्पा सर्रास सापडतात, तसेच कन्नड घरांत तुकाराम आणि विठ्ठल. सौंदत्तीच्या डोंगरावरची यल्लम्मा ही रेणुका, म्हणून तिच्या भक्तांच्या घरी यल्लव्वा, रेणुका आणि परशराम ही नावे भाषा न विचारता ठेवली जातात. लिंगाप्पाचा निंगाप्पा होतो तो लोकांच्या जिभेवर, व्याकरणाच्या पुस्तकात नव्हे. जैन शेतकऱ्यांच्या जिनगोंडा, बाबगोंडा या नावांतला ‘गोंडा’ हा शिलालेखांतल्या ‘गावुंड’ म्हणजे गावप्रमुखाशी नाते सांगतो. कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या वडिलांचे नाव पायगोंडा होते, हे महाराष्ट्रातल्या किती वाचकांच्या ध्यानात असते?

जुने ते सगळे जपावे असे मात्र मी म्हणणार नाही. ‘नकुशी’ हे नाव दगडूच्या पंक्तीत बसत नाही, कारण दगडू हवा होता आणि नकुशी नको होती. २०११ मध्ये सातारा जिल्ह्यात अशा पावणेतीनशेहून अधिक मुलींना समारंभपूर्वक नवी नावे देण्यात आली, हे योग्यच झाले.

या नावांचे कागदोपत्री होणारे हालही सांगायला हवेत. माझ्या वडिलांचे नाव शाळेच्या दाखल्यावर देवनागरीत ‘कल्लाप्पा’, जमिनीच्या उताऱ्यावर कन्नडमध्ये ‘कल्लप्पा’ आणि रेशन कार्डावर इंग्रजीतून उलटे वाचून ‘कलापा’ असे झाले आहे. वारसा नोंदविताना ही तिन्ही माणसे एकच, असे प्रतिज्ञापत्र करून द्यावे लागले. तिथल्या एका कर्मचाऱ्याने तर ‘नीट नाव का ठेवले नाही’ असे विचारले. नाव नीटच होते, लिहिणाऱ्यांनी ते ऐकून घेतले नव्हते. ज्या भागात दोन भाषा आणि तीन लिप्या रोज चालतात तिथे अर्जात नाव कन्नड, देवनागरी आणि रोमन अशा तिन्ही लिप्यांत खुद्द अर्जदाराकडून लिहून घेतले, तर निम्मे घोटाळे जागीच मिटतील. हे फार खर्चाचे काम नाही.

आपल्याला माझी विनंती अशी की, बाळांच्या नावांच्या यादीशेजारी आठवड्यातून एकदा सीमाभागातले एक जुने नाव छापावे आणि ते ज्या घरात आहे त्या घरातल्या वडीलधाऱ्यांकडून ते कोणत्या नवसाने, कोणत्या देवावरून वा कोणत्या प्रसंगाने ठेवले गेले हे मागवून घ्यावे. ही माहिती कोशात मिळत नाही; ती ज्यांच्याकडे आहे त्यांतले पुष्कळजण आता ऐंशीच्या घरात आहेत, म्हणून हे सदर लवकर सुरू व्हावे. पहिल्या आठवड्यासाठी ‘कल्लाप्पा’ची हकीकत मी लिहून पाठवीन.

आपला,
एक वाचक, ता. खानापूर, जि. बेळगाव